देवूची बाजू

डिसेंबर लागला की अंबरनाथ पश्चिमेच्या त्या जुन्या इमारतीत गॅलरीच्या कठड्यावर जागा म्हणून मिळत नसे. ज्याची त्याची गादी, ज्याची त्याची रजई उन्हात पडलेली. सुनेत्रानंही त्या रविवारी पलंगाखालची पत्र्याची पेटी बाहेर ओढली. पेटीत देवूचे कपडे होते. चार वर्षं डांबरगोळ्या घालून जपलेले. वरचा शर्ट तिनं झटकला, उजेडात धरला, तर त्यातून पलीकडची भिंत दिसली. कसर लागली होती.

तिनं एकेक कपडा काढून पाहिला. शाळेची खाकी पँट, दहावीचा पांढरा शर्ट, क्रिकेटच्या मंडळाची निळी जर्सी, दोन जीन्स. जीन्सना काही झालं नव्हतं. बाकी सगळ्यांना बारीक बारीक भोकं.

गंगूआई, म्हणजे तिची सासू, खिडकीखाली पाय पसरून बसली होती. वय पंच्याहत्तरच्या पुढचं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला आता माणसापेक्षा कापड लवकर कळायचं. तिनं शर्ट मांडीवर घेतला आणि बोटं फिरवली.

"पुढल्या थंडीपर्यंत यातला काय राहनार नाय गो," ती म्हणाली. "गोधडी करू."

सुनेत्रानं शर्ट सासूच्या मांडीवरून उचलून घेतला.

गोधडीच्या नावानं हिला एवढं काय झालं, असं कोणालाही वाटेल. तर गंगूआईच्या माहेरी, मुरबाडकडे, एक रीत आहे. गोधडीचे तीन कोपरे शिवायचे आणि चौथा उघडा ठेवायचा. त्याला गोधडीचं तोंड म्हणतात. सगळी गोधडी शिवून झाली की जो ती पांघरणार त्याच्या नावानं भाकरीचा एक घास त्या तोंडात ठेवायचा आणि मग तोंड शिवून टाकायचं. उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणतात. पण कपडे गेलेल्या माणसाचे असले तर घास ठेवायचा नाही. तोंड रिकामंच शिवायचं आणि गोधडी घडी घालून ठेवायची. ती कोणी पांघरत नाही.

आणि देवू गेलेला की असलेला, हे त्या घरात कोणी ठरवू शकत नव्हतं. देवदत्त राजेंद्र भोईर, वय एकवीस, असं पोलिसांकडच्या कागदावर होतं. जानेवारीतल्या एका सकाळी तो घरातून बाहेर पडला तो पडलाच. बापाचं छत्र लहानपणीच गेलेलं. सुनेत्रानं उल्हासनगरच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापून कापून त्याला बारावीपर्यंत नेला. मग चार जणांच्या हातापाया पडून बदलापूरला एका कंपनीत चिकटवला. तिसऱ्या महिन्यात हा ती नोकरी सोडून घरी. त्या सकाळी मायलेकांची जुंपली. दोघांचीही जीभ सुटली. तो चपला घालून दारात उभा राहिला तेव्हा ती म्हणाली होती, "जातोस तर किल्ली ठेवून जा."

तो गेला. किल्ली मात्र त्यानं ठेवली नाही.

त्या एका गोष्टीवर सुनेत्रा चार वर्षं जगत होती. ज्याला परत यायचं नाही तो किल्ली कशाला नेईल? दाराला खटक्याचं लॅच होतं, त्याला बाहेरून किल्ली लागे. म्हणून रात्रीसुद्धा तिनं आतून कडी घातली नाही. शेजारचे नाथाभाऊ ओरडायचे, वहिनी, दोन बायका घरात, कडी घाला. ती हो म्हणायची आणि घालायची नाही. पोलिसांनी फोनचा ठाव काढला तो बदलापूरच्या पुढे, नदीच्या अंगाला. तिथून पुढे फोनही नाही आणि माणूसही नाही. तीनदा तिला अनोळखी प्रेत ओळखायला बोलावलं. तिन्ही वेळा ती छातीवर धोंडा ठेवून गेली, आणि दुसऱ्या कोणाचं तरी पोर पाहून परत आली.

चार दिवस तिनं विषय काढला नाही. पाचव्या दिवशी कारखान्यातून येताना गोधडीसाठी पांढऱ्या दोऱ्याची गुंडी घेऊन आली.

"करू," ती म्हणाली. "पण घास ठेवायचा, आई. तो पांघरायला येणार आहे."

गंगूआई बराच वेळ दोरा चाचपत राहिली. "ठेवू," म्हणाली.

खाली गंगूआईचं जुनं लुगडं, मधे देवूचे कपडे उसवून, वर सुनेत्राची मऊ झालेली साडी. खोलीभर गोधडी पसरली. गंगूआई खिडकीकडून टाके घालत निघाली, सुनेत्रा ओट्याकडून. सुया मात्र सुनेत्रानं ओवून द्यायच्या, सकाळी जाताना दहा-बारा एकदम ओवून उशीला टोचून ठेवायच्या. राहिली दाराकडची पट्टी, दीड हात रुंदीची. गोधडीचं तोंड त्याच पट्टीच्या टोकाला होतं.

"ती देवूची बाजू," गंगूआई पहिल्याच दिवशी बोलून गेली.

आणि ते खोटं नव्हतं. लहानपणी शाळेतून आला की देवू दाराला पाठ लावून आजीच्या गोधडीवर बसायचा. पोराच्या जातीला सुई कशाला, म्हणून सुनेत्रा रागवायची, पण ऐकतो कोण? पोरगा डावखुरा. बाकीच्यांचे टाके उजव्या कडेनं सुरू व्हायचे, याचे डाव्या. आजी बोट फिरवून गाठ शोधायची आणि गाठ डावीकडे लागली की म्हणायची, हा आमचा डावरा.

पट्टी शेवटी शिवू असं दोघींचं ठरलं. सुनेत्रा रोज नऊला निघायची, दोन रिक्षा बदलून उल्हासनगरच्या कॅम्प एकला कारखान्यात जायची, साडेसहाला परत. गंगूआई दिवसभर घरात. जिना उतरणं तिनं दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, एका मंगळवारी, सुनेत्रा कामावरून आली, दिवा लावला, आणि पट्टीवर पिवळ्या ओळी दिसल्या.

हातभर अंतर शिवून झालं होतं. ओळीला लागून ओळ. दोरा पांढरा नव्हता. लोकर होती, दुपदरी, फिकट पिवळी.

"आई, हे तुम्ही केलंत?"

"काय?"

सुनेत्रानं तिचा हात धरून पट्टीवर ठेवला. म्हातारीची बोटं ओळीवरून डावीकडे सरकत गेली, कडेला थांबली, आणि तिथंच राहिली.

"गाठ हितं हाये," गंगूआई हळूच म्हणाली.

सुनेत्रा गुडघ्यांवर बसली, चष्मा लावला, ओळीच्या टोकाची लोकर उचलून दिव्याखाली धरली. सरळ लोकर नव्हती ती. तिला वळ्या होत्या. जन्म दोऱ्यात गेलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही: विणलेलं उसवलं की लोकरीला अशा वळ्या पडतात आणि त्या सहजासहजी जात नाहीत.

घरातून गेला तेव्हा देवूच्या अंगात पिवळा स्वेटर होता. तिनंच विणलेला. पाठ आणि पोट गडद हळदी रंगाचं. बाह्यांना लोकर पुरली नाही, त्या दुकानात तो रंग संपला, म्हणून बाह्या दुसऱ्या दुकानातल्या, अंमळ फिकट. खालची पट्टी उरल्यासुरल्या तपकिरी लोकरीची. मित्र चिडवतात म्हणून तो घालायचा नाही. त्या दिवशी थंडी फार होती म्हणून घातला. पोलिसांच्या कागदावर हे सगळं तिनं लिहून घ्यायला लावलं होतं, बाह्यांच्या रंगासकट.

आता ही फिकट लोकर.

खरं सांगायचं तर तिला भीती वाटली नाही. तिला इतका आनंद झाला की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. पोरगा जिवंत आहे. त्याच्याकडे किल्ली आहे. आई कामावर गेली की येतो, आजीचा डोळा लागला की बसतो, शिवतो, जातो. समोर यायला लाजत असेल. रागावलेला असेल. असेना का, दोन घास तरी पोटात पडावेत म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी झाकून ठेवली.

संध्याकाळी भाकरी तशीच होती. पट्टी मात्र आणखी हातभर शिवून झालेली.

तिनं अंदाज घेतला. पट्टी सगळी चार हात. या गतीनं दोन दिवसांत संपणार. संपली की हा येणार कशाला? तिच्या मनात ते आलं आणि हात आपोआप कातरीकडे गेला. कापायचं मात्र काही नव्हतं, गाठ तेवढी सोडायची, मग लोकर सरसर निघते. सगळ्या ओळी तिनं उसवल्या आणि लोकर एका पुठ्ठ्यावर गुंडाळली.

"काय करतेस गो?" गंगूआईनं विचारलं.

"उसवते. उद्या परत यावं लागेल त्याला."

गंगूआई काही तरी बोलणार होती, पण तोंड भिंतीकडे करून आडवी झाली.

असा नेम सुरू झाला. तो दिवसा शिवायचा, ती संध्याकाळी उसवायची. चार वर्षांत पहिल्यांदा सुनेत्रा कामावर गुणगुणली. हसायलाही लागली, तेव्हा शेजारच्या मशीनवरची बाई तिच्याकडे टकामका बघू लागली. आज एक दिवस रजा टाकू आणि त्याला दारातच धरू, असं ठरवून ती एका शुक्रवारी घरी राहिली. सकाळपासून ओट्याला टेकून पट्टीकडे बघत बसली. दुपार झाली, ऊन खिडकीतून सरकत दारापर्यंत गेलं, खालच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. पट्टीवर एक टाका पडला नाही.

"तू हायेस तंवर नाय यायचा तो," गंगूआई म्हणाली.

"का?"

म्हातारी सुई चालवत राहिली. उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. देवू गेला त्या सकाळी गंगूआईही घरात होती, आणि सुनेत्रा काय बोलली ते तिनं ऐकलं होतं.

शनिवारी सुनेत्रा कामाला निघाली ती थेट नाथाभाऊंकडे. नाथाभाऊ निवृत्त माणूस. सकाळचा चहा झाला की खुर्ची टाकून गॅलरीत, ते संध्याकाळच्या चहापर्यंत. त्यांच्या पायावरून गेल्याशिवाय सुनेत्राच्या दाराशी पोचताच येत नव्हतं.

"नाथाभाऊ, आमच्याकडे दुपारी कोण येतं हो?"

"तुमच्याकडे? चिटपाखरू नाही येत."

"नीट आठवा. एखादा पोरगा?"

नाथाभाऊंनी वर्तमानपत्र खाली केलं. तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी," ते म्हणाले, "मी पाहिला असता तर तुम्हाला सांगायला कारखान्यापर्यंत धावत आलो नसतो का?"

ती कामावर गेली खरी, पण डोक्यात भुंगा लागला. रविवार गेला. सोमवारी निघताना तिनं दार ओढून घेतलं, पिशवीतून काळ्या दोऱ्याचं टोक काढलं आणि दाराच्या फळीपासून चौकटीपर्यंत गोंदानं चिकटवलं. कारखान्यात कापून फेकायचा तसला बारीक दोरा. दार बोटभर उघडलं तरी तो तुटणार.

संध्याकाळी दोरा जसाच्या तसा होता. तो तिनंच तोडला आणि आत गेली.

पट्टीवर हातभर ओळी.

ती दारातच बसली, पर्स खांद्यावर तशीच. गंगूआई खिडकीखाली होती. तिच्या मांडीवर गोधडीची कड होती आणि हातातली सुई थांबली होती.

"आई, तुम्ही दुपारी झोपला होतात का?"

"नाय."

"मग? तुम्ही इथंच बसून होतात. तुम्हाला काहीच कसं कळलं नाही?"

गंगूआईनं सुई उशीला टोचली. "पहिल्या दिवशी मना वाटला तूच बसलीस समोर," ती म्हणाली. "गोधडी वडली जाते ना, समोरचा मानूस टाका घालतो तवा? तशी वडली जायची. टाका पडला की वडायची. मना वाटला तू लवकर आलीस. मी बोललेव पन तुज्याशी. मग साडेसहाला तू दार उगडून आलीस."

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू हसत व्हतीस गो," म्हातारी म्हणाली. "चार वर्षांनी."

त्या संध्याकाळी सुनेत्रानं उसवू नये, असं तुम्हाला वाटेल. गंगूआईलाही तेच वाटलं. पण बाईनं डोळे पुसले, पट्टीशी बसली आणि सगळ्या ओळी उसवल्या. कसाही येवो. येतोय ना? हातात काहीच नसण्यापेक्षा हे बरं, असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं. लोकर गुंडाळताना तिला जाणवलं की पुठ्ठ्यावरचा गोळा ओला आहे. गार आणि ओला. दुसऱ्या दिवशी तिनं तो गॅलरीत कडक उन्हात ठेवला. संध्याकाळी हात लावला तेव्हा कठडा अजून कोमट होता आणि गोळा ओलाच होता. त्याला गाळाचा वास येत होता.

बुधवारी रंग बदलला.

हातभर ओळींतल्या अर्ध्या फिकट पिवळ्या होत्या आणि पुढे गडद हळदी. एकाच ओळीत, मधेच, गाठ मारून नवा रंग सुरू झालेला. सुनेत्रा त्या गाठीकडे बघत राहिली. बाह्या संपल्या होत्या. दोन्ही. आता तो अंगातलं उसवत होता.

तिनं उसवलं. पण त्या दिवशी हात नेहमीसारखे चालले नाहीत.

त्या आठवड्यात थंडी पडली. बदलापूरचा पारा उतरला की अंबरनाथ काकडतं, हे इथं कोणाला सांगायला नको. पहाटेच्या पाळीचे लोक तोंडाला मफलर बांधून निघत. कारखान्यात बायका शेकोटीच्या गप्पा मारत होत्या. गोळा नारळाएवढा झाला, मग त्याहून मोठा. ओळी रोज पडत होत्या, पण आता विरळ. टाके लांब लांब. लोकर दुपदरीची एकपदरी झाली. ज्यानं शिवलं होतं तो जपून वापरत होता.

आणि रविवारी, ती खाली बाजारात जाऊन आली तेवढ्या तासाभरात, पट्टीच्या टोकाला चार टाके पडले. तपकिरी.

तिनं कातर उचलली.

"सुनेत्रा," गंगूआई म्हणाली. ती कधी असं पूर्ण नाव घेत नसे. "कंचा रंग हाये?"

"तपकिरी."

गंगूआई सरकत सरकत पट्टीपाशी आली. चार टाके तिनं बोटांनी मोजले. मग डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, त्या दुधाळ डोळ्यांतून, आणि ती ते पुसेना.

"तू रोज उसवतेस," ती म्हणाली. "तो रोज अंगातला काडतो. एवड्या थंडीत. आता काय राहिला असेल गो त्याच्या अंगावर?"

कातर सुनेत्राच्या हातातून पडली.

आईनं लेकराला काय केलं होतं, ते तिला त्या क्षणी कळलं. रोज संध्याकाळी, स्वतःच्या हातांनी, ती त्याच्या अंगावरचं ओढून काढत होती. ती पट्टीवर पालथी पडली आणि चार वर्षांचं रडली. गंगूआईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

सोमवारी ती कामावर गेली नाही. सकाळी उठून केस धुतले, तांदळाची भाकरी केली, आणि पाटावर ताट ठेवून त्यात एक घास मोडून ठेवला, चटणी लावून, त्याला आवडायचा तसा. ओल्या लोकरीचा गोळा गोधडीच्या तोंडाशी ठेवला. त्यात स्वेटरच्या बाह्या होत्या, पाठ होती, पोट होतं, सगळं होतं.

"घे," ती पट्टीकडे बघून म्हणाली. "ही तुझीच आहे. हिनं शिव. अंगातली उसवू नकोस. मी नाही उसवणार आता."

मग थोडं थांबून म्हणाली, "घास ठेवलाय. ठेवायचा की नाही ते तू बघ."

तिनं गंगूआईला दोन्ही हातांनी धरलं, एकेक पायरी करत दोन वर्षांनी प्रथमच जिना उतरवला आणि रिक्षात घातलं. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. रिक्षावाल्यानं विचारलं तेव्हा ती शिवमंदिर म्हणाली. दोघी मंदिराबाहेर दगडी कट्ट्यावर उन्हात बसल्या. गंगूआईनं हात जोडले. सुनेत्रानं जोडले नाहीत. लोक येत होते, जात होते. दुपारपर्यंत दोघी तिथंच होत्या.

परत आल्या तेव्हा नाथाभाऊ गॅलरीत खुर्चीवर होते. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. तिनं विचारलंही नव्हतं.

दार उघडलं.

पट्टी पूर्ण झाली होती. टोकापासून टोकापर्यंत, फिकट पिवळी, मग हळदी, आणि कोपऱ्याशी ते चार तपकिरी टाके, तसेच. टाके जवळ जवळ आणि एकसारखे. घाईत शिवलेले नव्हते. गाठी सगळ्या डावीकडे.

गोधडीचं तोंड शिवलेलं होतं.

घास ताटात होता. जसा ठेवला तसा.

गंगूआई दाराला धरून उभी होती. "शिवला?" तिनं विचारलं.

"हो."

"घास?"

सुनेत्रा ताटाकडे बघत गोधडीशी बसली. मग म्हणाली, "बाहेर आहे."

गंगूआई खाली बसली. तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि तोंड झाकलं.

सुनेत्रानं कोपऱ्यावर हात ठेवला. तोंड रिकामं असायला हवं होतं. रिकामं नव्हतं. कापडाच्या आत काही तरी होतं, लहान, चपटं, कडक. तिनं अंगठ्यानं चाचपलं. एका बाजूला गोल, मधे भोक. दुसरीकडे लांबट, आणि त्या लांबट कडेला दाते.

पर्समधून तिनं घराची किल्ली काढली आणि कापडावर, आतल्या वस्तूच्या अंगावर ठेवली. हळूहळू सरकवली. दात्याला दाता लागला.

"काय हाये गो आत?" गंगूआईनं पदराआडून विचारलं.

"ठेवून गेला, आई," सुनेत्रा म्हणाली.

उरलेल्या लोकरीचा लिंबाएवढा गोळा पाटाजवळ पडला होता. तिनं तो उचलला. तो कोरडा होता.

दिवेलागणीला तिनं गोधडीची घडी घातली आणि पेटीत ठेवली. मग दाराशी गेली. आतली कडी चार वर्षांत हलली नव्हती, गंजून धरली होती. सुनेत्रानं ओट्यावरचं लाटणं घेतलं आणि कडी ठोकून ठोकून बसवली.